रंग एक, फ्रेम दुसरी : टेनिस रॅकेटबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत टेनिस रॅकेटचे प्रश्न सर्वांत जास्त आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. उत्तरं वाचताना एक ध्यानात ठेवा. कंपनी छापते ते वजन गटिंग न केलेल्या, म्हणजे स्ट्रिंग न भरलेल्या रिकाम्या फ्रेमचं असतं. स्ट्रिंग भरल्यावर त्यात १५ ते १८ ग्रॅम वाढतात आणि तोल, म्हणजे रॅकेट ज्या जागी तोलून राहते ती जागा, टोकाकडे जवळजवळ एक सेंटिमीटर सरकतो. एकाने रिकाम्या फ्रेमचा आकडा सांगायचा आणि दुसऱ्याने भरलेल्या रॅकेटचा, असे वाद क्लबात रोज होतात. इथे प्रत्येक आकडा कोणता ते सांगितलं आहे.

प्रश्न : जोकोविच खेळतो तीच हेड स्पीड प्रो मी घेतली. टीव्हीवर दिसते तशीच हुबेहूब आहे, पण हातात काही जमत नाही. त्यांच्या रॅकेट खरंच वेगळ्या असतात का? (ठाणे)

हुबेहूब आहे तो रंग. दुकानातली स्पीड प्रो १०० चौरस इंच डोक्याची, १८ उभ्या आणि २० आडव्या स्ट्रिंगची, रिकामी ३१० ग्रॅमची. जोकोविचच्या हातातली फ्रेम हेड कंपनीच्या जुन्या साच्यातून निघालेली, सुमारे ९५ चौरस इंचांची आणि १८ बाय १९ रचनेची असते, हे खेळाडूंच्या रॅकेट बांधणाऱ्या मंडळींकडून बरीच वर्षं सांगितलं जातंय. तिच्यात वजनासाठी वरून शिसं भरलेलं असतं. उभ्या स्ट्रिंग नॅचरल गटच्या, म्हणजे गुरांच्या आतड्यांपासून केलेल्या, आणि आडव्या लक्झिलॉन अ‍ॅलू पॉवर रफ या पॉलिस्टरच्या. तुमच्या रॅकेटमध्ये दुकानदाराने एकच पॉलिस्टर आडवी-उभी भरून दिली असेल, तर तुमच्यात आणि त्याच्यात सारखा उरला तो वरचा रंग.

या प्रकाराला धंद्यात ‘पेंट जॉब’ म्हणतात. कंपनीला दर दोन-अडीच वर्षांनी नवं मॉडेल विकायचं असतं. खेळाडूला मात्र पंधरा-सोळाव्या वर्षी हाताला बसलेली फ्रेम सोडायची नसते, कारण त्याचा सगळा टायमिंग त्या फ्रेमच्या फिरण्यावर बांधलेला असतो. मग कंपनी जुना साचा जपून ठेवते, त्यातून त्या खेळाडूपुरत्या फ्रेम काढते आणि वर चालू हंगामाचा रंग चढवते. अँडी मरेच्या रॅकेटवर वर्षानुवर्षं ‘रॅडिकल’ लिहिलेलं असायचं. आतली फ्रेम होती पीटी ५७ ए, म्हणजे जुन्या प्रो टूर ६३० घराण्यातली. विल्सन कंपनीच्या अशाच खास फ्रेममध्ये एच २२ हे नाव जाणकारांच्या तोंडी असतं. नियमांच्या दृष्टीने यात काही गैर नाही. नियम लांबी, रुंदी आणि स्ट्रिंगच्या रचनेबद्दल आहेत, रंगाबद्दल नाहीत. फसगत होते ती गिऱ्हाइकाची, आणि तीही त्याच्या हौसेने.

पण सगळेच असं करतात असंही नाही. अल्काराझच्या हातातली बाबोला प्युअर एरो ९८ दुकानातही मिळते : ९८ चौरस इंच, १६ बाय २०, रिकामी ३०५ ग्रॅम. फेडररच्या बाबतीत तर कंपनीने सरळ त्याच्याच मापाची रॅकेट विकायला काढली. २०१३च्या उन्हाळ्यात हॅम्बुर्ग आणि ग्श्टाडला त्याने ९८ इंची काळी नमुना-रॅकेट वापरून पाहिली, परत ९० इंचावर गेला, आणि २०१४मध्ये ९७ इंचावर स्थिरावला. तीच प्रो स्टाफ आरएफ ९७ ऑटोग्राफ. रिकामी ३४० ग्रॅम, बीम, म्हणजे फ्रेमची जाडी, सगळीकडे सारखा २१.५ मिलिमीटर, तोल मुठीपासून ३०.५ सेंटिमीटरवर. ती विकत घेणारे बरेच क्लब-खेळाडू दुसऱ्या सेटमध्ये फोरहँडला उशिरा पोहोचू लागले आणि वर्षभरात रॅकेट विकून मोकळे झाले. माप खरं होतं, मनगट आणि खांदा फेडररचा नव्हता.

नदालचं उदाहरण जास्त बोलकं आहे. ‘प्युअर एरो राफा’ नावाची रॅकेट रिकामी २९० ग्रॅमची, हौशी खेळाडूला पेलेल अशी. नंतर आलेली ‘राफा ओरिजिन’ त्याच्या स्वतःच्या मापाजवळची, रिकामी ३१७ ग्रॅम. खेळाडू एक, नाव जवळजवळ एक, फरक २७ ग्रॅमचा. मूठ मात्र त्याने लहानच ठेवली, एल २, म्हणजे सव्वाचार इंच घेराची. स्ट्रिंग आरपीएम ब्लास्ट, जाड १.३५ मिलिमीटर, ५५ पौंडांवर.

आता फेडरर ३४० आणि नदाल ३१७, म्हणजे फेडररची जड, असं वाटेल. काट्यावर तसंच आहे. पण फेडररच्या रॅकेटचं वजन मुठीकडे आहे आणि नदालच्या रॅकेटला टोकाशी शिसं. फिरवायला नदालची जास्त जड. भरलेल्या आरएफ ९७चं स्विंगवेट साधारण ३३५ ते ३४०च्या आसपास येतं, नदालच्या मापाच्या रॅकेटचं ३६०च्या पुढे. स्विंगवेट काय ते पुढच्या उत्तरात आहे.

महिलांमध्ये श्फिऑन्टेकच्या नावाची टेक्निफायबर टेम्पो २९८ पाहा : ९८ चौरस इंच, १६ बाय १९, रिकामी २९८ ग्रॅम. ठाण्याच्या वाचकांना आमचा सल्ला असा की तुलना करायचीच असेल तर या रॅकेटशी करा. आठवड्यातून तीन दिवस खेळणाऱ्या धडधाकट माणसाला ३०० ग्रॅमच्या आसपासची, ९८ ते १०० इंची फ्रेम पुरते. तुमची स्पीड प्रो विकायची घाई नको. आधी स्ट्रिंग मऊ घाला आणि टेन्शन, म्हणजे स्ट्रिंगची ओढ, ४८ पौंडांवर आणा. १८ बाय २०च्या दाट रचनेत कडक पॉलिस्टर ५५वर ओढलं की रॅकेट फळीसारखी लागते, बहुतेक वेळा दुखणं तेवढंच असतं.

प्रश्न : स्विंगवेट म्हणजे नेमकं काय? यंत्राशिवाय घरी मोजता येईल का? (कोल्हापूर)

रॅकेट फिरवायला किती जड जाते त्याचं माप. मुठीच्या टोकापासून १० सेंटिमीटरवर, म्हणजे हात धरतो तिथे, आस धरून काढलेलं जडत्वाचं आघूर्ण. एकक किलोग्रॅम गुणिले सेंटिमीटर वर्ग. भरलेल्या हौशी रॅकेटमध्ये ते बहुधा ३०० ते ३२५ असतं, व्यावसायिक पुरुषांच्या हातात ३३० ते ३७०. अंतराचा वर्ग होतो, म्हणून टोकाचा एक ग्रॅम मुठीतल्या दहा ग्रॅमना भारी पडतो.

घरी मोजायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, मोजपट्टी, सायकलचा एक आरा, चिकटपट्टी आणि मोबाइलचं स्टॉपवॉच पुरतं. रॅकेट खेळता तशीच ठेवा, ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायची पातळ पट्टी) आणि डॅम्पनर (स्ट्रिंगमध्ये अडकवायची रबराची गोळी) यांच्यासकट.

आधी वजन घ्या आणि ते किलोग्रॅममध्ये लिहा. मग रॅकेट मोजपट्टीच्या कडेवर आडवी तोलून धरा, तोल सापडेल तिथे खूण करा आणि मुठीच्या टोकापासून अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा. आरा वीस सेंटिमीटरचा कापून मुठीच्या बुडाला आडवा, स्ट्रिंगच्या प्रतलाला समांतर चिकटवा. त्याची दोन टोकं शेजारी-शेजारी लावलेल्या दोन टेबलांच्या कडांवर टेका, रॅकेट मधल्या फटीत उलटी लोंबेल. आता तिला चेंडू मारण्याच्या दिशेने, म्हणजे स्ट्रिंगची बाजू पुढे-मागे होईल अशी, हलका झोका द्या. टोक दोन्हीकडे पाच-सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त जाऊ देऊ नका. पंखा बंद. पन्नास पूर्ण झोक्यांचा वेळ घ्या आणि पन्नासने भागा. एका झोक्याचा वेळ सेकंदांत मिळाला.

गणित असं : वजन, तोलाचं अंतर आणि झोक्याच्या वेळेचा वर्ग यांचा गुणाकार करून त्याला २४.८ने गुणा. त्यातून वजन गुणिले अंतर गुणिले २० वजा करा. शेवटी वजनाची शंभरपट मिळवा.

उदाहरणार्थ ०.३२० किलो, ३२.५ सेंटिमीटर आणि पन्नास झोके ६९.३ सेकंदांत, म्हणजे एक झोका १.३८६ सेकंद. पहिला गुणाकार सुमारे ४९५.५, वजा २०८, अधिक ३२. उत्तर ३१९ ते ३२०.

चूक कुठे होते? बहुतेक जण रॅकेट सोडताना ‘एक’ म्हणतात. सोडताना ‘शून्य’ म्हणायचं. एक झोका कमी मोजला गेला तर याच रॅकेटचं उत्तर ३२०ऐवजी ३०० येतं. काटा पाच-पाच ग्रॅमच्या टप्प्याने दाखवणारा असेल तर उत्तरात तेवढीच, पाचेक अंकांची, गफलत धरा. तोलातली एक मिलिमीटरची चूक एका अंकाएवढीच असते, तिची फिकीर नको. सावकाश केलं तर दुकानातल्या यंत्रापेक्षा तीन-चार अंकांहून जास्त फरक पडत नाही. आणि स्वतःच्या दोन रॅकेट एकमेकींशी ताडून पाहायला तर ही रीत यंत्राइतकीच कामाची आहे.

प्रश्न : समोरचा जोरात मारतो तेव्हा माझी रॅकेट हातात वळते. लेड टेप, म्हणजे शिशाची चिकटपट्टी, लावावी असं एकाने सुचवलं. किती, कुठे? (नाशिक)

वळणं थांबवायचं तर वजन डोक्याच्या दोन्ही बाजूंना हवं, घड्याळातल्या ३ आणि ९च्या जागी. टोकाला लावलेलं शिसं रॅकेट जड करतं, वळणं मात्र फारसं थांबवत नाही, कारण ते वळण्याच्या आसेवरच बसतं.

पाव इंच रुंदीची टेप सेंटिमीटरला सुमारे ०.१ ग्रॅम भरते. सुरुवात प्रत्येक बाजूला दोन ग्रॅमने करा. दहा-दहा सेंटिमीटरच्या चार पट्ट्या कापा. प्रत्येक बाजूला फ्रेमच्या आतल्या अंगाला एक पट्टी स्ट्रिंगच्या वर, एक खाली. फ्रेम आधी स्पिरिटने पुसून कोरडी करा, घामाच्या थरावर लावलेली टेप आठवड्यात सुटते. पट्टी ग्रोमेटवर, म्हणजे स्ट्रिंगच्या भोकांतल्या प्लास्टिकच्या नळ्यांवर, चढू देऊ नका.

या चार ग्रॅमने स्विंगवेट सुमारे ७ अंकांनी वाढेल. वळण्याला होणारा विरोध, ज्याला ट्विस्टवेट म्हणतात, साधारण १३-१४ असतो. तो ०.६ने वाढेल. आकडा किरकोळ वाटतो, पण कडेला लागलेल्या व्हॉलीत तो हाताला कळतो. ३२० ग्रॅमच्या रॅकेटचा तोल अडीच मिलिमीटर टोकाकडे जाईल. तो परत आणायचा असेल तर ग्रिप उकलून मुठीच्या बुडापासून पाच सेंटिमीटरवर तीन ग्रॅम गुंडाळा. ते आसेच्या जवळ असल्याने स्विंगवेटमध्ये जवळजवळ काही भर घालत नाहीत.

तुलनेसाठी, टोकाला, १२च्या जागी, एकच ग्रॅम लावला तर स्विंगवेट सव्वातीन ते साडेतीन अंकांनी वाढतं. म्हणून नदालच्या टोकाची नक्कल करायला गेलेले लोक पहिल्या अर्ध्या तासात खूश असतात, सर्व्ह जोरात जाते, आणि सव्वा तासानंतर चेंडू कडेला लागू लागतो. लावलेली टेप किमान तीन-चार सामन्यांनंतरच तपासा, आणि थकलेल्या हाताने.

शिसं विषारी आहे. लावल्यावर हात साबणाने धुवा, वरून पारदर्शक चिकटपट्टी मारा, लहान मुलांच्या रॅकेटला लावूच नका. टंगस्टनची टेप महाग पडते, पण ही भानगड नाही.

याच पत्रात विचारलं आहे की व्यावसायिक खेळाडूंच्या बॅगेतल्या सगळ्या रॅकेट एकसारख्या कशा. त्या तशा बनवल्या जातात. कार्बन फायबरचे राळ लावलेले पट्टे हाताने एकावर एक रचून, आत फुगवता येणारी नळी घालून, साच्यात तापवून फ्रेम निघते. राळ थोडी इकडेतिकडे झाली की एकाच मॉडेलच्या दोन फ्रेममध्ये काही ग्रॅमचा फरक पडतो. खेळाडूचा तंत्रज्ञ त्यातली सर्वांत जड फ्रेम प्रमाण मानून बाकीच्यांत शिसं आणि मुठीच्या पोकळीत सिलिकोन भरतो, आणि वजन, तोल, स्विंगवेट तिन्ही जुळवतो. तुम्हाला जोडीची दुसरी रॅकेट घ्यायची असेल तर पहिलीचे तिन्ही आकडे लिहून न्या, दुकानातले सगळे नग काट्यावर ठेवा आणि किंचित हलका निवडा. हलक्यात भर घालता येते, जडातून काढता येत नाही.

प्रश्न : मुंबईत ५२ पौंडांवर खेळत होतो. बदली होऊन पुण्यात आलो तर चेंडू बेसलाइनबाहेर जातो. टेन्शन वाढवू का? (पुणे)

आधी गटिंगचं यंत्र कोणतं ते विचारा. हाताने फिरवायच्या क्रँक यंत्रात ओढ ठरल्या आकड्यावर येऊन कुलूपबंद होते आणि स्ट्रिंग तिथून लगेच सैलावते. इलेक्ट्रॉनिक यंत्र क्लँप लागेपर्यंत ओढ कायम ठेवतं. त्यामुळे दोघांचे ‘५२’ सारखे नसतात, दोन-चार पौंडांचा फरक सहज निघतो. मुंबईतला तुमचा माणूस इलेक्ट्रॉनिकवाला आणि पुण्यातला क्रँकवाला असेल, तर हवेला दोष देण्यात अर्थ नाही.

यंत्र सारखं असेल तर मग हवा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, इथली हवा मुंबईपेक्षा साधारण सहा टक्के विरळ. चेंडूला अडवणारा विरोध कमी, टॉपस्पिनने खाली खेचणारा जोरही कमी, आणि बाहेरचा दाब घटल्याने डब्यातला चेंडू थोडा जास्त टणक उसळतो. तिन्ही गोष्टी त्याला लांबच नेतात. आधी चेन्नईत होणारी पुरुषांची एटीपी स्पर्धा २०१८ ते २०२३ बालेवाडीत महाराष्ट्र ओपन म्हणून झाली तेव्हा चेन्नईच्या सवयीने आलेल्यांनाही हाच हिशेब करावा लागणार होता. एक ते दोन पौंड वाढवा, जास्त नाही. उंचीवरच्या खास चेंडूंची गरज १,२१९ मीटरच्या वर सुरू होते, पुण्याला ते नकोत.

तुम्ही पॉलिस्टर वापरता असं पत्रावरून दिसतं. पॉलिस्टरचा गुण असा की ते गुळगुळीत असतं. चेंडू लागताना उभ्या स्ट्रिंग बाजूला सरकतात आणि सुटायच्या आत झटक्याने जागेवर येतात. टॉपस्पिनची वाढ मुख्यतः त्या झटक्यातून मिळते. दोष असा की ओढ लवकर उतरते, पहिल्या दिवसातच बरीच. दहा-पंधरा तासांच्या खेळानंतर स्ट्रिंग तुटलेली नसते पण मेलेली असते : सरकलेल्या उभ्या स्ट्रिंग बोटांनी नीट कराव्या लागतात, चेंडू कधी लांब, कधी जाळ्यात. व्यावसायिकांना हे कधी जाणवत नाही कारण ते दर सामन्याला ताजं गटिंग घेतात आणि नव्या चेंडूंबरोबर रॅकेटही बदलतात. आपण तुटेपर्यंत थांबतो. तुटेपर्यंत थांबायचं असेल तर पॉलिस्टर आपल्यासाठी नाही. मल्टिफिलामेंट, म्हणजे अनेक बारीक धाग्यांचं, नायलॉन घ्या, १.३० मिलिमीटर, ५३-५४ पौंड.

नॅचरल गट गुरांच्या आतड्यांच्या पडद्यापासून बनतं, ओढ सर्वांत चांगली टिकवतं आणि दमट हवेत फुगतं. जून ते सप्टेंबर त्यावर पैसे घालवू नका. आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी मे महिन्यात रॅकेट बंद गाडीत ठेवू नये. संध्याकाळी काढाल तेव्हा तीच स्ट्रिंग काही पौंड सैल झालेली असेल.

प्रश्न : डॅम्पनर लावल्याने टेनिस एल्बो टळतो का? (सांगली)

नाही. डॅम्पनर स्ट्रिंगचं थरथरणं थांबवतो, ते सेकंदाला पाचशे-सहाशे वेळा होतं आणि कानाला ऐकू येतं. हाताला पोहोचतं ते फ्रेमचं थरथरणं, सेकंदाला १२० ते २०० वेळा, आणि रबराच्या दोन-तीन ग्रॅमच्या गोळीने ते कमी होत नाही. आवाज आवडत नसेल तर जरूर लावा, फक्त आडव्या-उभ्या विणीच्या बाहेर, नियम तसा आहे. कोपर दुखत असेल तर पॉलिस्टर काढा, टेन्शन चार पौंड उतरवा, मूठ बारीक असेल तर एक ओव्हरग्रिप वाढवा, त्याने अर्धा नंबर वाढतो. दुखणं दोन आठवड्यांत गेलं नाही तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा.

प्रश्न : वडिलांची लाकडी रॅकेट घरात आहे. डोकं इतकं लहान का असायचं? तिने खेळता येईल का? (मडगाव)

लाकडाला मोठं डोकं पेलत नसे. सोळा उभ्या स्ट्रिंग प्रत्येकी २५ किलोने ओढल्या तर डोक्यावर चारशे किलोंची ओढ येते. डोकं रुंद केलं तर कमान मुडपते, जाड केलं तर वजन हाताबाहेर. म्हणून ६५ ते ७० चौरस इंच आणि ३७० ते ४०० ग्रॅम, यावर ती पिढी खेळली. त्याच लाकडावर बोर्ग ८० पौंडांच्या आसपास ओढ घ्यायचा, यावरून फ्रेमवरचा ताण ध्यानात यावा.

हॉवर्ड हेड यांनी १९७६मध्ये प्रिन्सची ११० इंची अ‍ॅल्युमिनियम रॅकेट आणली. त्यांचं म्हणणं साधं होतं : रुंदी वाढवली की कडेचं वजन आसेपासून दूर जातं आणि कडेला लागलेला चेंडूही नीट परततो. लोक हसले. १९७८मध्ये सोळा वर्षांची पॅम श्रायव्हर ती घेऊन यूएस ओपनच्या अंतिम फेरीत गेली, मग हसणं थांबलं. पुढे ग्रॅफाइटने हलकेपणा आणि ताकद दोन्ही दिलं. तरी सॅम्प्रस ८५ इंची प्रो स्टाफवरच शेवटपर्यंत, २००२पर्यंत खेळला.

एके काळी रॅकेटवर नियमच नव्हता, हे आज खरं वाटत नाही. १९७७मध्ये ‘स्पॅगेटी’ रॅकेट आली, दुहेरी विणीची, नळ्या घातलेली. तिने नास्तासेने एक्स-आं-प्रोव्हान्सला व्हिलासची मातीवरची विजयमालिका तोडली आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने रॅकेटची व्याख्या लिहिली. आजची मर्यादा अशी : एकूण लांबी २९ इंच, रुंदी साडेबारा इंच, स्ट्रिंगचा भाग साडेपंधरा बाय साडेअकरा इंच. लांबीत बहुतेक सगळे २७ इंचांवरच राहतात. मायकेल चँगने २८ इंची वापरली ती सर्व्हला उंची मिळावी म्हणून.

तुमच्या रॅकेटने हलक्या हाताने जरूर खेळा. गटिंग नायलॉनचं, ४० ते ४५ पौंडांवर. पॉलिस्टर नको. गोव्याच्या दमट हवेत ती प्रेसमध्ये, म्हणजे डोकं दाबून धरणाऱ्या स्क्रूच्या चौकटीत, चारही स्क्रू सारखे आवळून ठेवा, नाहीतर डोकं पिळवटेल. बोर्ग निवृत्तीनंतर १९९१मध्ये मोंटे कार्लोला लाकडी रॅकेट घेऊन परतला आणि आरेसेकडून सरळ हरला. तेव्हा क्लबातल्या सामन्यात तिच्यावर पैज लावू नका.

प्रश्न : मुलगी दहा वर्षांची, उंची १३८ सेंटिमीटर. प्रशिक्षक म्हणतात २७ इंची घ्या, दोन वर्षं चालेल. (नांदेड)

आत्ता २६ इंची, ग्रॅफाइटची किंवा मिश्र, २३० ते २५० ग्रॅमची. उंची १५० ओलांडली की २७ इंची, तीही २६० ते २७० ग्रॅमची. ‘वाढत्या अंगाची’ रॅकेट घेतली की मूल मूठ वर धरतं, कोपर अंगाला चिकटवतं आणि फोरहँड खांद्याऐवजी मनगटाने मारतं. ती सवय मोडायला दोन रॅकेटच्या किमतीपेक्षा जास्त खर्च येतो. चेंडू हिरव्या ठिपक्याचा वापरा, तो पिवळ्यापेक्षा पाव पट हळू असतो. दहा वर्षांखालच्या स्पर्धांत साधा पिवळा चेंडू २०१२पासून आंतरराष्ट्रीय नियमानेच बंद आहे. गटिंग नायलॉनचं, ४५ पौंड.

प्रश्न : वापरलेली रॅकेट घेताना काय पाहावं? (अमरावती)

स्ट्रिंग असेल तर तळहाताने डोक्यावर थापट्या मारा. अख्खी फ्रेम स्वच्छ वाजते, चिरलेली खडखडते किंवा गुणगुणते. आधी डॅम्पनर काढायला सांगा आणि बुडाची टोपी घट्ट आहे का पाहा, तीही वाजते. मग १० आणि २च्या जागी आणि दांड्याला डोकं जुळतं त्या थ्रोटपाशी नखाने रंगावर फिरवा. रंगाचा टवका उडालेला चालतो. केसाएवढी रेघ नखाला अडली आणि फ्रेम अंगठ्यांनी दाबल्यावर हलली तर परत द्या. बंपर गार्ड, म्हणजे डोक्याच्या टोकावरची प्लास्टिकची पट्टी, झिजून कार्बन उघडा पडला असेल तर त्या मॉडेलचा ग्रोमेट संच मिळतो का ते आधी विचारा. जुन्या मॉडेलचे मिळत नाहीत, आणि ग्रोमेट फुटलेल्या भोकात स्ट्रिंग आठवड्यात कापते.

लांबी मोजा. २७ इंची रॅकेट ६८.५ सेंटिमीटर भरली पाहिजे. तीन-चार मिलिमीटर कमी किंवा जास्त असेल तर कुणीतरी यंत्रावर नीट आधार न देता गटिंग केलं आहे किंवा उभ्या-आडव्या स्ट्रिंगच्या ओढीत फार फरक ठेवला आहे. विकणारा जुनी स्ट्रिंग कापून देतो म्हणाला तर समोर उभे राहा. मध्यापासून सुरुवात करून एक उभी, एक आडवी अशा आलटून-पालटून, तिरक्या ओळीने बाहेर जात सगळ्या एकाच वेळी कापायच्या. नुसत्या उभ्या कापून सोडल्या तर आडव्यांची ओढ डोकं दोन्ही बाजूंनी आत खेचते, आणि अख्खी फ्रेम तुमच्या डोळ्यांदेखत चिरते.